कोपरा

संडरलंडला, टायरच्या दुकानाच्या वर
अठरा पायऱ्या चढून गेलं की मुष्टियुद्धाची तालीम आहे.
तिथे नॉर्मन लिडल बादली विसळतो.
वय एकाहत्तर. उजव्या कानाने ऐकू येत नाही,
म्हणून पोरी त्याला डावीकडून शिव्या देतात.

'आय ॲम इन युअर कॉर्नर.'
हे वाक्य आता कुणीही म्हणतं.
गोदी बंद झाली त्या आठवड्यात
कंपनीच्या पत्राखाली हेच होतं, सहीच्या जरा वर.
बँकेच्या काचेवर आहे. दाताच्या दवाखान्यात आहे,
हसणाऱ्या दाढेच्या चित्राखाली.
कोशात अर्थ दिलाय: पाठिंबा असणे.
आणि लगेच पुढचा शब्द.

रिंगला कोपरे चार.
त्यातले दोन कुणाचेच नसतात.
नॉर्मनच्या कोपऱ्यात एक स्टूल, एक पाय आखूड.
बर्फ. व्हॅसलीन. कानामागे खोचलेल्या कापसाच्या काड्या.
आणि साठ सेकंद.

तेवढ्यात तो टॅम्सिन फेनविकच्या तोंडातलं रबर काढतो,
रक्त आणि थुंकी बादलीत झेलतो,
भुवईवरच्या चिरेत काडी दाबून धरतो
आणि बोलतो जेमतेम:
'श्वास घे. डावा वर.'
जिंकशील, असं म्हणत नाही.
एकदाच म्हणाला होता, अठ्ठ्याऐंशी साली.
त्या पोराचा हात अजून चमचा धरताना थरथरतो.

मग घंटा.
घंटा झाली की त्याने बाहेर पडायचं,
दोरांखालून वाकून, गुडघ्यांना शिव्या घालत,
आणि जाताना स्टूलही न्यायचं.
हे कुणी काचेवर चिकटवत नाही,
की आपल्या कोपऱ्यातला माणूस
आपली बसायची जागा उचलून घेऊन जातो
आणि आपल्या वाटचा एकही ठोसा
त्याला खाता येत नाही.

खांद्यावर टॉवेल असतो.
घाम पुसायला, असं बघणाऱ्यांना वाटतं.

काल पाचव्या फेरीत त्याने तो फेकला.
पांढरा, घडीसुद्धा न मोडलेला,
रिंगच्या मधोमध पडला.

दोन तास टॅम्सिन बोलली नाही.
गाडीत त्याच्या डाव्या हाताला बसली होती,
टाके घातलेली भुवई काचेला टेकवून.
वेअर नदीच्या पुलावर आल्यावर
तिने एक सणसणीत शिवी हासडली.

'ऐकलं,' नॉर्मन म्हणाला,
आणि हीटरची झडप
तिच्याकडे वळवली.