नग तीन, रबरी

बेचाळीसच्या दिवाळीनंतर उमरेडहून पेटी आली,
छकड्यात, तणसाच्या गादीवर,
वर सरकारी लाखेची मोहोर.
आत मुखवटे तीन.
गावात माणसं आठशे बारा.
हा भागाकार कोणी केला नाही,
पटवाऱ्यानं दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले, एवढंच.

सोबत छापील कागद, कलमं सतरा.
सदरहू मुखवटा सरकारी मालमत्ता समजावी.
विकू नये, गहाण ठेवू नये, उसना देऊ नये.
पाण्याखेरीज कोणत्याही द्रवाने धुऊ नये.
विषारी वायू आल्याची खात्री झाल्यावाचून
चेहऱ्यावर चढवू नये.
खात्री कशी करावी ते कलम नऊमध्ये होतं,
आणि कलम नऊ उंदरांनी खाल्लंय.

(तहसिलीच्या अभिलेखात बसून मी हे उतरवून घेतोय.
पंखा आहे. फिरत नाही.)

कलम चार: वाटपापूर्वी प्रत्येक नगाची
एका सुदृढ इसमावर चाचणी घ्यावी.
मालगुजार म्हणाले, लटारूले बोलवा.

लटारू कोतवाल. हुकूम म्हणून आला, हुकूम म्हणून वाकला,
पट्टे कानामागून ओढून घेतले,
आणि चावडीपुढली पोरं बोंबलत पळाली.
आतून आवाज आला, हंड्यातून यावा तसा:
'भल्ला वास मारते जी, सायकलीच्या टूपावानी.'
गावात सायकल एकच, टपालवाल्याची.
तिचं पंक्चर लटारूच धरून बसायचा.

एक झाला, दुसरा झाला, तिसरा झाला.
तिन्ही ठीक, असं पटवाऱ्यानं लिहिलं
आणि मग सगळ्यांच्या ध्यानात आलं.

लटारूनं श्वास सोडला होता तिन्हीत.

मालगुजारांनी पानाची पिंक गिळली.
पटवाऱ्यानं कागद वरून खाली वाचला, खालून वर वाचला,
सतरा कलमांत विटाळाचं कलम नव्हतं.
गोमूत्राचा तांब्या आलाही होता,
पण कलम सहा आड आलं. पाण्याखेरीज कोणत्याही.
सरकार मोठं की शास्त्र,
यावर संध्याकाळपर्यंत बसले सगळे, मग डास चावू लागले.

तीन अंगठे घेतले. तिन्ही लटारूचे.
आता जपान आलाच
तर आठशे अकरा माणसं उघड्या तोंडानं
आणि एक माणूस तीन तोंडांनी.

जपान आला नाही. फागुन आला.

सातऱ्यावर मिरचीचे ढीग पडले, कमरेएवढे,
आणि बाया बसल्या देठ खुडायला.
तिथं डोळ्यांचं पाणी पुसायचं नसतं,
बोटं डोळ्यांना लागली की दिवस गेला.
खोकला तर धरूनच चाललेला असतो, मजुरीतच.
(खुडलेल्या मिरचीला विटाळ नव्हता. ती विकायची होती.)

त्या साली तिघी खोकल्या नाहीत.
भागरता, तिची नणंद बायना,
आणि पलीकडची मुकी सोनका.
हत्तीसारखी तीन तोंडं, ढिगाला लागलेली,
लुगड्याचे पदर वरून घट्ट.
भागरतानं अठरा फागुन खुडले होते.
ह्या एकोणिसाव्यात, म्हणे, ती कामावर बोलली.
काय बोलली ते कोणाला ऐकू आलं नाही.

कोणीतरी कळवलं. सर्कल इन्स्पेक्टर घोड्यावरून आला.
पंचनामा: विषारी वायू आला नसताना
सरकारी मुखवट्यांचा खासगी वापर,
शिवाय उसने देण्याची कसूर, नग दोन.
लटारू वल्द बकाराम याचा जबाब
पटवाऱ्यानं शुद्ध करून लिहायला घेतला
आणि मध्येच सोडून दिला, तसाच ठेवला:

'आला होता जी.
दर साली येते. फागुनात.'

दंड दोन रुपये. हप्ते चार.

नग तीन परत जमा, मोहोर, सही, तारीख.
शेवटच्या रकान्यात शेरा आहे,
बारीक अक्षरात, रेघेच्या बाहेर गेलेला:
एका नगाची गाळणी उघडून पाहिली,
आत लाल भुकटी,
अंदाजे दीड तोळा.