वजनाची चिठ्ठी

फिलोमीना टोबिनने एकतीस वर्षं
गल कोव्हच्या कारखान्यात कॉड साफ केला.
डोकं वेगळं, जीभ वेगळी, काळीज वेगळं,
प्रत्येकाचा भाव वेगळा,
आणि सुटताना हातात चिठ्ठी :
इतके पौंड, इतके सेंट, घेणाऱ्याची सही.
आतडीसुद्धा मोजूनच जात खताला.

एका जूनमध्ये डॉक्टर आले.
चर्चच्या तळघरात टेबलं मांडली, बिस्किटं ठेवली.
"तुमचे पुरुष चाळिशीतच का जातात,
ते शोधायचंय."
यावर नाही कोण म्हणणार?
सगळे पॉवर, सगळे टोबिन रांगेत, बाह्या वर.
तिचा भाऊ अ‍ॅम्ब्रोज तेवढा म्हणाला,
"वजन नाही करणार?"
सगळे हसले. डॉक्टरही.
शुक्रवारी गेले ते. कळवू म्हणाले.

ऑक्टोबरात अ‍ॅम्ब्रोज गेला.
हृदय आधी थांबलं की पाणी आधी आलं,
पाहायला कुणी नव्हतं.
बोट सापडली.
टेकडीवर त्याच्या नावाच्या दगडाखाली
त्याचे रविवारचे बूट आहेत.

आता चाचणी निघाली आहे. बाराशे डॉलर.
नातीने, शॉनाने, माहितीपत्रक वाचून दाखवलं :
एका किनाऱ्यावरील कुटुंबांच्या
नमुन्यांवरून विकसित.
"नमुना म्हणजे कोण गं?"
फिलोमीनाने विचारलं,
आणि उत्तराआधीच कागद मागितला.

पैशांचं अक्षरही लिहिलं नाही तिने.
माझ्या भावाचं तुमच्याकडे जे आहे
तेवढंच त्याचं जमिनीवर उरलंय.
पाठवा. पुरायचंय.

ओहायोहून उत्तर आलं, फार सभ्य :
नमुना ४१-ब ही संस्थेची मालमत्ता असून
उणे ऐंशी अंशांवर सुरक्षित आहे.
आपल्या भावनांचा आम्हांला आदर वाटतो.

उणे ऐंशी.
मेमध्येही मोजे घालून झोपायचा तो.

मार्चमध्ये शॉना दवाखान्यात बसली.
दंडाला रबर आवळलं, शीर वर आली,
नर्सने सुई उघडली.
"थांबा," शॉना म्हणाली,
आणि डाव्या हाताने पर्समधून काढली
कारखान्याची जुनी, पिवळी पडलेली चिठ्ठी,
आजीच्या अक्षरात :

माल : रक्त. नळ्या : दोन.
कुणाचं : शॉना मेरी टोबिन.
कशासाठी :
कुठे जाणार :
परत कधी :
घेणाऱ्याची सही :

नर्सने ती दोनदा वाचली.
मग दाराकडे पाहिलं,
मग खिसे चाचपले, पेनसाठी
की नुसतेच, कळेना.
रबर तसंच होतं.
हात हळूहळू निळा होत होता.