ठेंगणं दार

एलुनेडच्या घराचं दार ठेंगणं आहे.
'मॉरविद' नावाच्या दोन डोलकाठ्यांच्या गलबताचं,
कप्तानाच्या खोलीचं दार ते.
गलबत मोडीत निघालं, दार तेवढं गावात राहिलं.
टपालवाला, पाद्री, मीटर बघायला येणारा पोरगा,
सगळे वाकूनच आत येतात.
"मेलेल्या कप्तानाला मुजरा," ती म्हणते,
आणि किटली ठेवते.

अबेरवेनमध्ये घरं चाळीस. नदी एक, तीही निम्मी गाळ.
इथे जहाजं बांधत. खरंच.
त्या मेंढ्या चरतायत ना, तिथे.
पेन्री सुताराकडे आराखडे नव्हते.
तो ओकच्या रानात हिंडायचा, वाकडी झाडं हेरत.
सरळ झाड लोकांचं, म्हणायचा, वाकडं माझं.
बायका फळ्यांच्या फटींत काथ्या ठोकायच्या;
डांबराची बोटं रविवारी
प्रार्थनेच्या पुस्तकावर उमटायची.
माझ्याकडे आहे त्यातलं एक.
चोपन्नाव्या स्तोत्रावर अंगठा आहे, कुणाचा तरी.

शनिवारी मी संग्रहालय उघडतो.
संग्रहालय म्हणजे एक खोली, एक किल्ली, आणि मी.
पाहुणे खिडकीतून नदी बघतात, मग मला विचारतात:
एवढ्याशा पाण्यातून केप हॉर्नला?
मी सांगतो, हो. जाताना छपरांच्या पाट्या भरून गेले,
येताना समुद्रपक्ष्यांचं खत घेऊन आले,
वास आठवडाभर गावात,
आणि तीन माणसं कमी.
चॅपलमागे त्यांच्या नावाचे दगड आहेत.
दगडांखाली आमचीच माती, नुसती.

मोठ्या उधाणानंतर ओहोटी लागली
की पुलाखाली एका तारवाच्या बरगड्या वर येतात.
एलुनेड मोजते, चिखलात काठी रोवून,
मेंढ्या मोजायच्या जुन्या वेल्श आकड्यांत.
गेल्या वर्षी अकरा.
आज नऊ.
"ती बघ दहावी," मी खोटंच बोट दाखवलं.
तिने तिकडे पाहिलंही नाही.
"ओहोटीलाच निघतात जहाजं," म्हणाली,
"माहीत नाही?
एवढं संग्रहालय चालवतोस."

चिखलाचे बूट हातात घेऊन परत आलो.
दाराशी मी वाकलो, सवयीने.
ती सरळ आत गेली.
पूर्वी तिलाही वाकावं लागायचं.