हुडकेश्वर ते मेडिकल

हुडकेश्वरहून मेडिकल चौकापर्यंत
सतरा देवळं आहेत. तुकडोजी पुतळा धरला तर अठरा.
हे मला माझ्या शर्टानं सांगितलं.
गाडी मी चालवतो, हर्षाली मागं.
देऊळ आलं की तिची मूठ सुटते,
कंबरेपाशी कापड सैल होतं,
तेवढ्यात ती पडू नये म्हणून
मी हळू करतो.
मागचे हॉर्न वाजवतात.

हात अर्धवट जुळले तर परत वळायचं.
ओठांतलं नाव अडखळलं तर परत.
एका शनिवारी संध्याकाळी म्हाळगीनगरच्या वळणावर
आम्ही चार फेऱ्या घातल्या, माझा क्लास बुडाला.
ती रडत होती, वळव ना रे,
बाबा रात्रपाळीला आहेत.
कोराडीचा अख्खा बॉयलर
तिच्या दोन तळव्यांच्या मध्ये धगधगत होता.

आई म्हणायची, देवाचंच तं करून रायली पोरगी,
त्यात कसला आला आजार?
काकूनं ताजबागेतून धागा आणला.
तोही ती मोजून एकवीस वेळा डोळ्यांना लावू लागली.
निरांजनासाठी हात धुऊन धुऊन
बोटांची सालं निघाली होती.

खोब्रागडे मॅडमनी गोळी लिहिली, मग म्हणाल्या,
पुढच्या मंगळवारी येताना एक सोडायचा. एकच.
हर्षाली बराच वेळ पंख्याकडे बघत राहिली.
"ज्याला राग येत नाही, असा कोणता?"
मॅडमनी पेन खाली ठेवलं.
"ते तुला ठाऊक असेल."

तिनं निवडला क्रीडा चौकाच्या अलीकडचा,
पंक्चरच्या दुकानाला टेकलेला,
शेंदूर उडालेला, डोक्यावर पत्राही नसलेला.
मे महिना. डांबर मऊ झालेलं.
दुपट्ट्यात गुंडाळलेलं कपाळ तिनं
माझ्या पाठीला लावलं.
आला.
मूठ सुटली नाही.
नखं शर्टातून आत रुतली,
मी आरशात पाहिलं नाही, हळूही केलं नाही.
पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवून
बुडबुडे शोधत होता.
गेला मागं.

मेडिकलच्या गेटशी उतरल्या उतरल्या तिनं फोन लावला.
झोपलेत, आई म्हणाली, घोरून रायले.
"ऐकव."
उन्हात उभी राहून, एक कान झाकून
ती ऐकत राहिली, कितीतरी वेळ.
इतकी स्थिर मी तिला
देवघरातही पाहिली नव्हती.

परत येताना मात्र त्याच दगडाला
तिनं दोन नमस्कार केले,
एक मघाचा, एक आत्ताचा.
"मॅडमला नको सांगू बे," म्हणाली,
आणि शर्ट धरला.