अकरा किलो

पहाटे साडेचारला, ऊन जागं व्हायच्या आत,
मी सोहारच्या कॉर्निशवर चालते
पाठीवर दहा किलो तांदूळ घेऊन.
मासळीबाजारापाशी जाळी सोडवणारे म्हातारे
पहिल्या दिवशी नुसते हसले.
आठव्या दिवशी सलीमकाकांनी विचारलंच,
"सिस्टर, कुणाला पोचवता हे तांदूळ?
आणि तो रोज परत का पाठवतो?"

झुवैना म्हणाली, दगड भर ना, तांदूळ कशाला.
मी म्हटलं, दगड शिजवून खाता येत नाहीत.
सॅक तिच्याच मुलाची, शाळेच्या कॅम्पची.
आतल्या कप्प्यात वाळू निघाली,
आणि गोळीचा एक चांदीचा कागद, नीट घडी घातलेला.
तो मी टाकला नाही.

बावीस वर्षं माझं सामान म्हणजे तीस किलोचं खोकं.
त्यात माझे कपडे दोन जोड. उरलेलं
दूध पावडर, वासाचे साबण, बाम, बॅटऱ्या,
आणि वाघाचं मखमली ब्लँकेट:
केदारच्या बारशाला, केदारच्या दहावीला,
केदारच्या साखरपुड्याला.
वाघ दर वेळी तोच.
विमानतळावर वजन जास्त भरलं
की मी माझाच एखादा जोड काढायची.
लाजायची नाही. हिशेब सोपा होता.

आता काका सुरमई खाली उतरवून
काट्यावर माझी सॅक ठेवतात.
अकरा किलो, वर शंभर ग्रॅम.
"एवढंच? सहा महिन्यांना?"
एवढंच.
दोन पॅन्टी, तीन सदरे, लोकरीचे मोजे
(बावीस वर्षांत लागले नाहीत ते),
रक्तदाबाच्या गोळ्या, सुईदोरा, मेतकुटाची पुरचुंडी,
आणि एक जाड दोरी. कशाला, ते ठाऊक नाही.

व्हिसाच्या फॉर्मवर 'येण्याचा हेतू'.
माझा हात आपोआप 'नोकरी'कडे गेला.
खोडलं. नवा फॉर्म मागितला.
'पर्यटन'पुढे बरोबरची खूण केली
आणि काउंटरवरच्या पोराकडे अशी पाहिली
जशी खोटं बोलताना पकडली गेले.

अप्पाचा फोन आला.
"रिटायर झालीस ना? कधीचं तिकीट?
आणि हे बघ, येताना—"
मी म्हटलं, अप्पा, मी आधी तिबिलिसीला जातेय.
तो म्हणाला, ते कुठल्या वाटेवर लागतं?
मी म्हटलं, कुठल्याच नाही.
बराच वेळ त्याच्याकडचा पंखा तेवढा ऐकू येत होता.
मग हळूच म्हणाला,
"तिकडे थंडी असेल. ते ब्लँकेट घेऊन जा."
मी म्हणाले नाही
की ती सगळी तुझ्याच माळ्यावर आहेत.

काल रात्री खोली रिकामी केली.
कुकर शेजारच्या मारिसेलला, तांदूळही तिलाच.
पलंग कंपनीचा, तो कंपनीकडे.
उरला तपकिरी चिकटपट्टीचा एक रीळ
आणि खोक्यांवर नाव घालायचा जाड काळा मार्कर.
सवयीनं सॅक पालथी घातली,
पट्ट्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं
सुहासिनी खातू,
त्याखाली मु. पो.

आणि मार्करचं टोपण हातात धरून
बसून राहिले,
खाली कुणीतरी गाडी सुरू करेपर्यंत.