न लागलेली बोली

हर्णैच्या वाळूवर संध्याकाळी साडेचारला
मी मासळीचा लिलाव पुकारतो. बावीस वर्षं.
पाटी पुढे सरकवायची, आकडा म्हणायचा,
मग जी शांतता होते
ती मला वाचता येते.

इसाक पान थुंकायला वळला म्हणजे त्याला घ्यायचंय.
चंद्राबाय पदर खोचते, म्हणजे पन्नासनं उतर.
कुणीच हललं नाही, नजरा सगळ्यांच्या बर्फाकडे,
तर मांदेली कालची आहे
आणि ते सगळ्यांना कळलंय.

पण परवा समाजमंदिरात
पेटी पुढ्यात ओढून, घसा दोनदा खाकरून
मी माझं गाणं म्हटलं.
सगळा पावसाळा बेतलेलं,
होड्या वर ओढलेल्या असताना
ताडपत्रीखाली बसून, जाळ्याच्या गाठींवर मात्रा मोजत.
शेवटचा सूर सोडला
आणि पंखा ऐकू आला.
त्या पंख्याचं एक पातं वाकडं आहे
हे मला आजवर माहीत नव्हतं.

कुणीतरी म्हणालं, चहा आला का.
चहा आला होता.
धाकट्या चोगल्यानं चपला शोधल्या.
बायकोनं माझ्याकडे बघायचं टाळलं
आणि तेवढ्यासाठी समईची वात सारखी केली,
जी सारखीच होती.

लिलावात असं झालं तर आकडा खाली आणतो.
गाण्याचा आकडा कुठून खाली आणायचा?
एक कडवं कमी करून देतो, घेता?
की उद्या तेच ताज्या बर्फावर मांडून
आजच लागलंय म्हणून सांगू?

रात्री पडवीत पडल्या पडल्या
त्यांची सगळ्यांची मतं मीच बोललो,
ज्याच्या त्याच्या आवाजात. इसाकचा मला छान जमतो.
फार वाईट बोलले सगळे.
खरं तर एकही जण काही बोलला नव्हता.

चौथ्या दिवशी दामूआबा पावसे आले.
टाळ धरतात. डाव्या कानानं ऐकू येत नाही.
उभ्या उभ्याच म्हणाले,
"तुज्या गान्यात लाट तीनदा आली.
येवडी लाट कशाला? आमी काय दर्या बगितला नाय?"
जाताना दोन पडवळं ठेवून गेले,
ती बायकोनं मागितली होती.

दोन दिवस मी त्यांच्यावर चिडलो.
त्यांच्या टाळावरही चिडलो, नेहमी अर्धी मात्रा मागे असतो.
मग वही काढली.
लाट. लाट. लाट.
म्हातारा बरोबर होता, एका कानानं बरोबर होता,
ह्याचाच जास्त राग आला.

पहिली खोडली. तिथे रापण बसेना, भरती बसेना,
शेवटी वल्हं बसलं, जरा तिरकं.
दुसरी खोडली आणि तिथे काही घातलंच नाही.
आता तिथे श्वासाएवढी जागा आहे,
म्हणताना तिच्याशी आलो की पोटात गोळा येतो.
पुन्हा पंखा ऐकू येणार.
पण ह्या खेपेला ती शांतता मी ठेवलेली असेल.

काल एक पाटी गेली नाही. ढोमी.
तीनदा पुकारली. ऊन किल्ल्यामागे उतरलं,
गाड्या भरून निघाल्या,
नाखवा म्हणाला, तूच ने रे आता.
नेली. न लागलेली पाटी कोण दर्यात परत टाकतं?
कालवण केलं. कोकमं चार जास्त पडली.
ढोमीला काटे फार.
पोरगा एकेक काटा काढून
ताटाच्या कडेला ओळीनं लावत बसला,
कुणी बोलत नव्हतं,
नुसता भात कालवल्याचा आवाज.
मी विचारलं नाही, कसं झालंय.

तिसरी लाट मी ठेवलीय.
आबांना काय म्हणायचं ते म्हणू दे.