पायाखाली किती बर्फ

आमच्या बर्फ कारखान्याच्या समुद्राकडच्या भिंतीवर
एक पांढरं अस्वल आहे.
मी कामाला लागलो त्या साली यासीन पेंटरने काढलेलं,
आगपेटीवरचं चित्र बघून.
आगपेटीवर ते नखाएवढं, भिंतीवर दोन पुरुष उंच,
वाढता वाढता कान शेळीचे झाले, मान लांबली,
आणि डोळे, यासीन म्हणाला,
कसे कोण जाणे, माझ्या मामूचे आले.
हिरूबाय चोगलेने टोपली उतरवून विचारलं,
"ह्यो रेडा कंच्या गावचा? चुन्यात पडला काय?"
तेव्हापासून हर्णैत तो रेडाच.
रेड्याजवळ थांब. रेड्याकडून दोन लाद्या आण.

मी आत असतो. कॉम्प्रेसर माझा.
अमोनियाचा वास आता अंघोळीनंतरही
मला सोडत नाही.
डबे खाऱ्या पाण्यात बुडवायचे, वाट बघायची,
मग उलटे केले की लादी निसटून बाहेर,
मधोमध एक धूसर पांढरी रेघ,
कुणी आत श्वास सोडून गेल्यासारखी.

पूर्वी बोटीला साठ लाद्या पुरत.
आता दीडशे नेतात, दहा-दहा दिवस जातात.
दामाजी तांडेल सांगतो, बारा वावावर बांगडा भेटायचा,
आता चाळीस वावावर जाळं ओढलं
तर वर येतो नुसता बुळबुळीत, थरथरता झेला,
आणि ओंजळीत घेतलं तर पाणी
पेजेच्या निवळीसारखं. कोमट.
मासा गारव्यामागे गेला, बोट माशामागे,
बर्फ बोटीमागे.
मी कळ दाबतो. मीटर पळतो.
वीज कुठून येते ते मी विचारत नाही,
कोळशाची गाडी काही आमच्या गावातून जात नाही.

एकदा टपरीवरच्या टीव्हीत खरं अस्वल दिसलं.
पांढरं नव्हतंच ते, पिवळट, ओलं,
कातडी अंगाला मोठी झालेली.
पोहत होतं. जाहिरात येऊन गेली तरी पोहतच होतं.
चहा कुणी प्यायलं नाही.
दामाजी एवढंच म्हणाला,
"ह्याचाबी मासा लांब गेला वाटतं."

आमच्या रेड्याला खारा वारा खात होता.
पोटाचा रंग पोपडे होऊन गळला,
आतून जांभा दिसू लागला, लाल, भोकाभोकांचा.
वैशाखात, बंदी लागायच्या आधी,
शेठने यासीनला पुन्हा बोलावलं.
एका डोळ्यात मोतीबिंदू, शिडी धरायला नातू.
पोट भरलं, कान होते तसेच ठेवले, शेळीचे,
मग वरूनच विचारलं,
"शेठ, पायाखाली किती बर्फ काढू?"

"आधी होता तेवढा."

"आधी मी काढलाच नव्हता.
तेव्हा वाटलं, तो काय दाखवायचा, असणारच."

शेठने फुटांचा हिशेब केला, डब्याची किंमत विचारली,
म्हणाले, राहू दे, नाव तेवढं ठळक कर.
नाव ठळक झालं.
संध्याकाळी यासीनने डब्याचा तळ खरवडला
आणि पुढच्या उजव्या पायाखाली
एक लादी काढली. आमच्याच मापाची,
मधली धूसर रेघसुद्धा.
उरलेले तीन पाय भिंतीवर तसेच.
त्या लादीचे पैसे त्याने मागितले नाहीत.

भाद्रपदातल्या अवसेच्या उधाणात
पाणी रस्ता ओलांडून आलं.
रात्रपाळी माझी. लाइट गेलेली, कॉम्प्रेसर मुका.
बॅटरी घेऊन मागे गेलो
तर लाटा भिंतीला हळू हळू थापट्या मारत होत्या,
म्हशीला कुणी गोंजारावं तशा.
लादी दिसेना. पाय दिसेनात.
वर मामूचे ते दोन डोळे,
आणि उजेड हलला की वाटे, तो पुढे सरकतोय.

सकाळी ओहोटी लागली.
त्याच्या गुडघ्यांवर मिठाची एक रेघ राहिली होती,
वाकडीतिकडी, वाळत आलेली.
मी बोटाने चाखून पाहिली.
हिरूबाय लांबून ओरडली, "रेडा हाय का गेला?"
"आहे," म्हटलं.
आणि आत गेलो.
लाइट आली होती, बाहेर तीन बोटी खोळंबल्या होत्या,
डबे भरायचे होते.